मुंबईचं लुगडं

मागच्या शनिवारी सकाळी चहाचा कप घेऊन बसलो आणि लॅपटॉपवर एक एक्सेल शीट उघडली. आमच्या धंद्यात हे असंच असतं. घरातलं लग्न असो, भाड्याचं घर बदलणं असो की दोन दिवसांची सहल असो, आधी शीट उघडायची, रकाने आखायचे, त्यांना रंग द्यायचे आणि मग आपण फार मोठं काम केलं असं समजून दुसरा चहा प्यायचा. या वेळचं शीर्षक होतं: 'आईबरोबर तीन दिवस मुंबई'.

आता तुम्ही म्हणाल, त्यात प्लॅनिंग काय करायचंय? खरंय. मी राहतो पुण्यात, पण आई राहते करंज्याला. उरणजवळ, धरमतर खाडीच्या तोंडाशी. पलीकडच्या काठावर रेवस आणि पाठीमागे द्रोणागिरीचा डोंगर. डोंगरावर चढलं आणि हवा स्वच्छ असली की मुंबई समोर दिसते. इतक्या जवळच्या शहरात जायला यादी कशाला?

पण ही ट्रिप वेगळी होती. दवाखाना नाही, कोणाचं बारसं नाही, सरकारी कागद नाही. नुसतं बघायला जायचं. एक संग्रहालय, एक चित्रप्रदर्शन, संध्याकाळी एक नाटक, फोर्टातल्या जुन्या इमारतींसमोर मान वर करून उभं राहणं, आणि दोन रात्री त्याच भागातल्या हॉटेलात मुक्काम. म्हणजे पॅरिसला गेल्यावर आपण जे करतो ते मुंबईत करायचं. म्हणून रकाने होते: दिवस, ठिकाण, कपडे, चपला, बॅग. आईच्या नावापुढे कपड्यांच्या रकान्यात मी लिहून टाकलं होतं, 'पाचवारी, सुती, फिकट रंग, नग ३'.

फोनवर सगळी यादी वाचून दाखवली. आई आधी हसली. "मुंबयला जावाला येवरी मोठी यादी?" मग जरा थांबली आणि म्हणाली, "मी कं नेसायचा, ता पन तूच लिवलास कं?"

मी गप्प झालो. त्याला एक जुनं कारण आहे, ते शेवटी सांगतो. त्याआधी थोडा इतिहास, कारण फोन ठेवल्यावर पूर्ण विकांत मी त्यातच घालवला.

करंजा आणि मुंबई यांचं नातं आपल्याला वाटतं त्यापेक्षा जुनं आहे. आज करंजा म्हणजे एक गाव, पण जुन्या इंग्रजी कागदांत उरणच्या सगळ्या बेटाचंच नाव करंजा. पोर्तुगीज गेले, मराठे आले आणि मग १७८२ च्या सालबाईच्या तहात साष्टी, घारापुरी यांच्याबरोबर करंजा बेटही इंग्रजांकडेच राहिलं. इकडे पनवेल मात्र पेशवाई बुडेपर्यंत, म्हणजे १८१८ पर्यंत मराठ्यांचं. गंमत बघा, पुढे उरण हा पनवेल तालुक्याचाच एक पेटा झाला. पण त्याआधी जवळजवळ चाळीस वर्षं आमचं बेट आणि मुंबई एका राज्यात होती आणि पनवेल दुसऱ्या.

घाटावरचा माणूस मुंबईला यायचा तोही पाण्यावरूनच. १८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता झाला. पुण्याहून निघायचं, घाट उतरायचा, पनवेल बंदराला यायचं आणि तिथून होडीत बसायचं. खाडीतून बाहेर पडताना डाव्या हाताला उरणचं बेट, आणि पुढे मुंबई. १८५३ साली मुंबई ते ठाणे रेल्वे धावली, पुढे रुळ घाट चढले आणि मगच पनवेलची ही गर्दी कमी झाली. म्हणजे कित्येक वर्षं मुंबईच्या सहलीचं पहिलं पान पुस्तकात नाही, भरती-ओहोटीच्या वेळेत असायचं. पाणी असेल तेव्हा निघायचं. आपलं प्लॅनिंग त्यानंतर.

बरं, बघायला जावं असं मुंबईत तेव्हा होतं काय? भरपूर होतं. टाउन हॉल १८३३ सालीच उभा राहिला होता, त्याच्या त्या प्रसिद्ध पायऱ्यांसकट. ग्रँट रोडला नाना शंकरशेटांनी दिलेल्या जागेवर थिएटर झालं आणि १८५३ साली सांगलीच्या विष्णुदास भाव्यांनी तिथे तिकीट लावून मराठी नाटकं केली. राणीची बाग १८६२ ची. तिच्यातलं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम १८७२ साली लोकांसाठी उघडलं. आज त्याला डॉ. भाऊ दाजी लाड यांचं नाव आहे. आणि १८६३ साली गोविंद नारायण माडगांवकरांचं 'मुंबईचे वर्णन' आलं. मूळचा गोव्याचा हा माणूस, लहानपणी मुंबईला आला आणि त्यानं या शहराचे रस्ते, बाजार, देवळं, तऱ्हेतऱ्हेचे लोक असं सगळं मराठीत लिहून ठेवलं. त्याच्या चारच वर्षं आधी, १८५९ साली लंडनच्या मरे कंपनीनं मुंबई इलाख्याची मार्गदर्शिका काढली होती. पण ती साहेबासाठी. आपल्या माणसासाठी माडगांवकर.

कपड्यांचं म्हणाल तर तेव्हाच्या पुरुषाची खरी पंचाईत पगडीची. धोतर घडी करून बोचक्यात जाईल, अंगरखा जाईल, पण पगडी चेपून कशी चालेल? आणि पगडी घरी ठेवूनही चालणार नाही, कारण माणूस कुठला, कोण, कुठल्या धंद्यातला हे शहर पगडीवरूनच ओळखायचं. आज आपण इंटरव्ह्यूला जाताना ब्लेझर हातात धरून लोकलमध्ये उभे राहतो ना, तसंच ते. सामानातली सगळ्यात अडचणीची वस्तू हीच सगळ्यात महत्त्वाची वस्तू.

आता माझ्या आजीकडे येतो.

आजी कोळीण. तिच्यासाठी मुंबई दोन होत्या. एक धंद्याची मुंबई. मोऱ्याच्या बंदरावरून लाँच, भाऊचा धक्का, डोक्यावर पाटी, अंगावर रोजचं लुगडं, कंबरेला पैशाची पिशवी, आणि परतीची लाँच चुकायच्या आत सगळा माल संपवायची घाई. दुसरी बघायची मुंबई. ती वर्षा-दोन वर्षांतून एकदा. महालक्ष्मीचं दर्शन, राणीची बाग, मलबार हिलवरचा म्हातारीचा बूट आणि तारापोरवाला मत्स्यालय. हे मत्स्यालय १९५१ साली मरीन ड्राइव्हवर उघडलं. करंज्याच्या कोळणी तिकीट काढून मासे बघायला जायच्या, यावर आजोबा आयुष्यभर हसले. आजीचं म्हणणं वेगळं होतं. जाळ्यात आलेला मासा आणि पोहणारा मासा, यांत फरक नाही का?

दोन्ही मुंबईंना लाँच तीच, धक्का तोच. फरक कपड्यांचा. बघायच्या मुंबईसाठी आजीचं एक लुगडं वेगळं होतं. पत्र्याच्या ट्रंकेत अगदी खाली, घडीत केवड्याचं पान घालून ठेवलेलं. घरात त्याचं नावच 'मुंबईचं लुगडं'. नेसायची पद्धत मात्र नेहमीचीच, कोळणीची, घोट्याच्या वर, घट्ट. गळ्यात पुतळ्यांची माळ, डोक्यात अबोलीची वेणी. तिच्याकडे रोजची दोन लुगडी, लग्नकार्याचं एक आणि मुंबईचं एक. संपलं. १९७० च्या दशकात लंडनमध्ये सूझी फॉ नावाच्या दुकानदारबाईंनी मोजके, एकमेकांशी जुळणारे चांगले कपडे ठेवायची कल्पना मांडली आणि तिला 'कॅप्सूल वॉर्डरोब' म्हटलं. आज मासिकांत त्यावर रकाने भरतात. आमच्या आजीनं ती ट्रंक कोणाला दाखवली नाही, नाहीतर तिच्याही नावावर काहीतरी झालं असतं.

तिचे सामान भरायचे नियम आईला अजून पाठ आहेत. पहिला: सुकट आणि लुगडं एका बोचक्यात नाही. माझगावात ज्यांच्याकडे उतरायचं त्यांना सुके बोंबील, सुकट न्यावी तर लागणारच, पण तिचं गाठोडं वेगळं, आणि ते दुसऱ्याच्या हातात. दुसरा: भाकरी आपली. शहरात भूक लागली म्हणून कोणाच्या तोंडाकडे बघायचं नाही. तिसरा: जे एका हातात मावत नाही ते न्यायचं नाही, कारण दुसरा हात लाँचमध्ये चढताना लागतो. आणि चौथा: आषाढात मुंबई नाही.

या चौथ्या नियमामागे एक तारीख आहे. १७ जुलै १९४७. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली. अमावास्या तोंडावर होती आणि माणसं गावाकडे निघाली होती. सहाशेहून अधिक लोक गेले. स्वातंत्र्य महिन्याभरावर आलं होतं. त्या वर्षीच्या इतिहासात ही बातमी कुठल्या कुठे हरवून जाते, पण या किनाऱ्यावर ती कुणी विसरलेलं नाही. रेवस आमच्या समोरच आहे. आजी तेव्हा लहान मुलगी होती. पुढे आयुष्यभर तिचं सहलीचं कॅलेंडर त्या दिवसावरून ठरत राहिलं. कोळ्याला पावसाळ्यात फुरसत असते, होड्या वर ओढलेल्या असतात, म्हणजे खरं तर हिंडायला तोच वेळ बरा. तरी ती बघायच्या मुंबईला कधी गेली नाही त्या दिवसांत. नारळी पौर्णिमा होऊन समुद्र शांत झाला की मगच.

आता चाकांविषयी. माझ्या शीटमध्ये बॅगेच्या रकान्यात 'चार चाकांची ट्रॉली, केबिन साइझ' असं होतं. ही चाकंही फार जुनी नाहीत. बर्नार्ड सॅडो या अमेरिकन माणसाला चाकाच्या सुटकेसचं पेटंट १९७२ साली मिळालं. म्हणजे माणूस १९६९ ला चंद्रावर जाऊन आला, तरी इकडे सुटकेस हातानेच उचलत होता. उभी धरून ओढायची, लांब दांड्याची बॅग तर रॉबर्ट प्लाथ नावाच्या वैमानिकानं १९८७ साली केली. आपल्याकडे तोवर पत्र्याची ट्रंक, वळकटी, होल्डॉल आणि मग कडक कवचाची सुटकेस हा क्रम चालू होता. पण या सगळ्या चाकांनी एक गोष्ट धरलेली असते, ती म्हणजे सपाट जमीन. विमानतळ सपाट असतो. धक्का नसतो. ओहोटीला लाँच खाली जाते, पायऱ्या शेवाळलेल्या असतात, आणि तिथे चार चाकांची बॅग म्हणजे तुमच्या हातातलं एक हट्टी पोर. आजीचा तिसरा नियम आठवला आणि मी ट्रॉली खोडून 'खांद्यावरची पिशवी, प्रत्येकी १' असं लिहिलं.

आता मुद्द्याचं. शहरात जाताना काय घालायचं, हे कोण ठरवतं?

या प्रश्नाचं मला माहीत असलेलं सगळ्यात धारदार उदाहरण आनंदीबाई जोशींचं. त्यांचा प्रवास काही सहल नव्हती, हे उघड आहे. पण सामान बांधण्याचा पेच तोच, हजारपट मोठा. गोपाळरावांच्या पोस्टातल्या बदल्यांमुळे त्या काही काळ अलिबागला होत्या, म्हणजे आमच्या खाडीच्या पलीकडेच. ७ एप्रिल १८८३ ला कलकत्त्याहून त्यांची बोट निघाली आणि ४ जूनला त्या न्यूयॉर्कला उतरल्या. वय १८. जाण्याआधी श्रीरामपूरला त्यांनी जाहीर भाषण करून सांगितलं होतं की मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. पोशाख हा त्या वचनाचाच भाग होता. पण अमेरिकेच्या थंडीत नऊवारीनं पोटऱ्या आणि कंबर उघडी पडू लागली. तेव्हा त्यांनी विचार करून गुजराती पद्धतीनं साडी नेसायला सुरुवात केली आणि तसं नवऱ्याला पत्रानं कळवलं. गोपाळरावांना ते रुचलं नाही. बायकोनं शिकावं म्हणून आयुष्य पणाला लावणारा हा माणूस, पण तिनं समुद्रापलीकडे थंडीत कसं नेसावं यावर त्याचं मत होतंच.

१८८५ साली फिलाडेल्फियाच्या वैद्यकीय महाविद्यालयातला तो तीन विद्यार्थिनींचा फोटो तुम्ही पाहिला असेल. आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबूली. तिघी आपापल्या देशाच्या वेषात. आपण तो कौतुकानं एकमेकांना पाठवतो. मला या विकांताला तो बघताना वाटलं की या तिघींना रोज सकाळी वर्गात जाण्यापूर्वी किती हिशेब करावा लागत असेल. थंडीचा, नजरेचा, घरच्यांचा, आणि स्वतःला काय बरं वाटतं याचा. शेवटचा हिशेब बहुधा सगळ्यात शेवटी.

शहरही काही कमी नाही. ते नुसतं बघतं असं नाही, ते शिकवतंही. बालगंधर्व स्टेजवर जसे शालू नेसत, जसा अंबाडा घालत, तशी नक्कल घराघरांतल्या बायका करत. एका पुरुषानं स्टेजवर साडी कशी नेसावी ते दाखवलं आणि बायकांनी ते उचललं! पण तिथे उचलणाऱ्यांना ते हवं होतं. जबरदस्ती नव्हती.

आणि आता ते जुनं कारण. २००३ साली मला पहिली नोकरी लागली. पहिल्या पगारात आईला दादरला नाटक दाखवायचं ठरवलं. मोठ्या ऐटीत पुढच्या रांगेची तिकिटं काढली. आणि निघायच्या आदल्या दिवशी तिला म्हणालो, "आई, लुगडं नको. पाचवारी नेस. ऑफिसातले मित्र पण येणारेत." एवढंच बोललो. आवाज चढवला नाही की काही नाही. तिनं शेजारणीकडून एक सिंथेटिक साडी आणली, पिना लावल्या आणि आली. तीन तास ताठ बसली होती. दर पाच मिनिटांनी पदर ओढत होती. मध्यंतरात सगळे वडा खायला बाहेर गेले, ती उठली नाही. मला वाटलं, नाटकात रंगलीय. घरी पोचल्यावर पहिल्यांदा तिनं लुगडं नेसलं आणि म्हणाली, "आता बरा वाटला." त्यानंतर मी किती वेळा विचारलं, "चल ना, मुंबईला नाटक बघू." उत्तर एकच. तुमचं तुम्ही जा.

वीस वर्षं मी असं धरून चाललो होतो की आईला नाटक आवडत नाही.

आजी मुंबईला नटून जायची, पण कोळीण म्हणूनच जायची. मत्स्यालयाच्या तिकिटाच्या रांगेत तिच्या पुतळ्यांच्या माळेचा अर्थ होता, मी रोज पाटी घेऊन येते तीच आहे, आज बघायला आलेय. ती तयारी शहराला दिलेलं उत्तर होतं. मी आईला सांगितलं ते मात्र लपायला सांगितलं होतं. दोन्हींत चांगलेच कपडे होते, स्वच्छ, इस्त्रीचे. फरक फक्त रकाना कोणी भरला याचा.

आता तर जायचं म्हटलं तर रस्ते बरेच आहेत. १२ जानेवारी २०२४ ला अटल सेतू उघडला, शिवडीपासून चिर्लेपर्यंत जवळजवळ २२ किलोमीटर, आणि त्याच दिवशी उरणपर्यंत लोकलही आली. ज्या शहरासाठी आजी भरतीची वाट बघायची ते आता वेळापत्रकात बसलंय. आईला दोन्ही पर्याय सांगितले. तिला लाँचनंच जायचंय. मोऱ्याला ओहोटीच्या वेळी गाळामुळे लाँच लागायची पंचाईत होते, म्हणून आधी भरतीची वेळ बघून ठेव, असंही सांगितलं. म्हणजे दोनशे वर्षांनी माझ्या शीटच्या पहिल्या ओळीत परत भरतीच आली.

तुम्हीही घरच्या मोठ्या माणसांना घेऊन मुंबई बघायला निघणार असाल, तर शिकलेलं थोडक्यात सांगतो. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात, बाकी संग्रहालयांचेही सुट्टीचे वार आधी बघून घ्या. दिवसाला दोनच ठिकाणं, एक सकाळी आणि एक उन्हं उतरल्यावर. फोर्टात चालणं फार, म्हणून नवी चप्पल नको, सवयीची. संग्रहालयात आणि नाट्यगृहात एसी असतो, तेव्हा शाल हाताशी. नाटकाला जाताना नेसायचं ते वेगळ्या पिशवीत, वर काही न ठेवता. आणि सुकट न्यायची असेल तर आजीचा पहिला नियम.

शीट आता छोटी झालीय. रविवारी रात्री आईला परत फोन केला आणि सांगितलं की तुझा रकाना मी पुसलाय, तूच सांग. ती म्हणाली, बघीन. मग २००३ च्या त्या नाटकाचा विषय मी काढला. जमेल तशी माफीही मागितली. पलीकडे थोडा वेळ नुसता समुद्राचा आवाज. मग तिनं विचारलं, त्या नाटकाचा शेवट काय होता रे? तिचं सगळं लक्ष पिनांकडे होतं म्हणे.

मला सांगता आला नाही. माझंही लक्ष मित्रांकडे होतं.

मंगळवारी तिनं शेजारच्या मुलाकडून एक फोटो पाठवला. ट्रंक उघडी, आणि वर उन्हात पसरलेलं आजीचं लुगडं. खाली एक शब्द नाही. मी शीटमध्ये तिच्या नावापुढे काहीच लिहिलं नाही. नाटकाची मात्र दोन तिकिटं काढलीत, या वेळी मधल्या रांगेची. तिथून बाहेर पडायला सोपं जातं, मध्यंतरात वडा खायला.